तोमिहाराची फिरती सीट

तोमिहारा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला की आधी एक बाई इंग्रजीत आभार मानायची, मग बासरी वाजायची आणि मग फोन आपोआप कटायचा. धम्मानंदला ती बासरी आता पाठ झाली होती. आंघोळ करताना तो नकळत तीच धून गुणगुणायचा आणि भानावर आला की स्वतःवरच चिडायचा. देश सोडून गेलेल्या कंपनीने हेल्पलाइन तेवढी मागे कशाला ठेवली होती, कुणास ठाऊक. माणूस गेल्यावर त्याचा मोबाइल चालू राहावा, तसला प्रकार.

गाडी चालत होती, हे आधी सांगायला हवं. इंजिन ठणठणीत, एसी गारेगार. बिघडली होती ती फक्त ड्रायव्हरच्या शेजारची सीट. तोमिहाराच्या या मॉडेलची सगळी मिजास त्या सीटवर होती. बटण दाबलं की ती दरवाजाकडे वळायची, बाहेर यायची आणि जराशी खाली उतरायची. आपण पाठ करून नुसतं टेकायचं. सीट आपल्याला घेऊन पुन्हा आत जायची. ना वाकायचं, ना डोकं सांभाळायचं. जाहिरातीत एक जपानी आजी अशी हसत हसत आत जाताना दाखवली होती. हैदराबादच्या मलकपेठेत त्या जागी सरुबाई बसायची.

सरुबाई ही धम्मानंदची आई. अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली. वॉकर धरून ती सावकाश दारापर्यंत यायची, मागे टेकायला काही असलं तर बसायची, पण वाकून रिक्षात किंवा साध्या गाडीत शिरणं तिला जमत नव्हतं. उचलून घेतो म्हटलं की ती भडकायची. दवाखान्यात दोन वॉर्डबॉयनी तिला पोतं उचलावं तसं स्ट्रेचरवर टाकलं होतं, अंगावरचं लुगडं कुठे गेलं हे बघितलंसुद्धा नव्हतं, आणि वर आपसात क्रिकेटच्या गप्पा चालल्या होत्या. "जल्मभर मी वझी उचलली," ती म्हणायची. "मला कुणी वझ्यागत उचलायचं न्हाई." हे ती रडून नाही, जरबेने म्हणायची, त्यामुळे पुढे बोलायची सोयच राहायची नाही.

म्हणून ती सीट. झटक्यानंतरही सरुबाई दर रविवारी त्या सीटवर बसून विहारात जायची. विहार घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, पण तिथे तिचा थाट होता. बायकांची वंदना तीच म्हणवून घ्यायची. आवाज जरा जड झाला होता, शब्द अडखळायचे, तरी पहिला सूर तिनेच लावायचा, असा बायकांचा दंडक होता. दिवाळी झाली आणि एका रविवारी बटण दाबल्यावर सीटखालून नुसताच घुर्र आवाज आला. मग तोही बंद झाला. त्या दिवसापासून सरुबाई घरात होती. सुरुवातीला तिने रविवारी पांढरं लुगडं नेसून तयार राहायचं सोडलं नाही. पुढे तेही सोडलं. आताशा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि विहारातल्या बायका भेटायला आल्या तरी "हो" आणि "न्हाई" याच्या पलीकडे बोलायची नाही. बुद्ध पौर्णिमा जवळ येत चालली होती. त्या दिवशी तरी आईने विहारात पहिला सूर लावावा, यापेक्षा धम्मानंदचं दुसरं काही मागणं नव्हतं. एवढ्याशा मागणीने त्याच्या नाकी नऊ आणले होते.

आणि यात भर म्हणून घरात नागोराव होते.

नागोराव म्हणजे वडील. काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी झाली, तिथूनच रिटायर झाले. हाताला लागेल तो छापील कागद वाचून काढायची त्यांना खोड. गाडी घेताना शोरूमवाल्यांनी गुळगुळीत कागदाचं एक माहितीपुस्तक दिलं होतं. ते नागोरावांनी असं काही वाचलं की तोमिहारा घराण्याशी आपली सोयरीकच आहे, असं बोलू लागले. म्हातारा तोमिहारा आधी रेशमाचं सूत गुंडाळायची यंत्रं बनवायचा. मग भातशेतीचे पंप. महायुद्धात कारखाना जळून खाक झाला, तर गड्याने भंगारातून तीनचाकी टेम्पो काढला. टेम्पोवरून छोट्या मोटारी. मग एके दिवशी त्याची म्हातारी आई किमोनो सावरत गाडीतून उतरताना पडली. त्याने सगळे इंजिनियर गोळा केले आणि सांगितलं, माणसाने गाडीपुढे वाकायचं नाही, गाडीने माणसाकडे वळायचं. इथे आले की नागोराव थांबायचे आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे.

"बुद्धाचा देश आहे तो," ते म्हणायचे. "तिथली वस्तू दगा देत नाही."

धम्मानंदला तेव्हा साधी, सगळे घेतात ती गाडी हवी होती, जिचं सामान कोपऱ्यावरच्या टपरीतही मिळतं. विमा कंपनीत नोकरी करणारा माणूस. भानगड कुठे उपटेल याचा विचार करणं हेच त्याचं काम. पण घरात मत नागोरावांचं चालायचं. गाडी ताब्यात घेताना शोरूमच्या पोराने चाकाखाली लिंबं ठेवली आणि नारळ पुढे केला, तर नागोरावांनी लिंबं उचलून त्याच्याच हातात दिली. कुटुंबाने गाडीपुढे उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि गाडी घरी आणली. ते पोरगं बिचारं गाडी वळेपर्यंत काळजीने बघत होतं.

पुढे काही वर्षांतच कंपनीने भारतातला धंदा गुंडाळला. गाड्या खपत नव्हत्या, एवढं साधं कारण. सोमाजीगुड्याच्या काचेच्या शोरूममध्ये आता लग्नाच्या साड्या मिळतात. गल्लीतले एकनाथराव भेटतील तेव्हा म्हणायचे, "तवाच निंबू ठिवलं असतं तर हे दिवस आले नसते." धम्मानंदच्या ओठांवर यायचं की लिंबं आमच्या चाकाखाली ठेवली नाहीत म्हणून जपानातली कंपनी बसली का? पण शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून तो गिळायचा. गिळून गिळून त्याला पित्त झालं.

त्याने काय नाही केलं? जपानला मेल पाठवली. तिकडून उत्तर आलं, आणि काय उत्तर! पहिल्या ओळीत क्षमा, मधे क्षमा, शेवटी पुन्हा क्षमा, आणि या सगळ्या क्षमेच्या मधोमध एक वाक्य की ती मोटर आता बनत नाही. धम्मानंदला वाटलं, एखाद्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतक्या सभ्य माणसावर चिडायचं तरी कसं? नागोरावांनी मात्र ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बघ, कसे नम्र लोक आहेत."

"बाबा, मोटर नाही मिळत म्हणतायत ते!"

"हो. पण कसं म्हणतायत."

चादरघाटचा मेकॅनिक जहांगीर हा त्यातल्या त्यात आशेची जागा होता. त्याने सीटखाली टॉर्च मारून बघितलं आणि हात झटकले. "साब, मोटर तो गई. ये गाडी का सामान हैदराबाद में क्या, कहींच नै मिलता. आप बोले तो जुगाड करतूं." धम्मानंद हो म्हणाला. जहांगीरने दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या काचेची मोटर तिथे बसवली. चाचणीसाठी नागोराव स्वतः बसले, कारण जपानी वस्तूवर पहिला हक्क त्यांचा. जहांगीरने बटण दाबलं. ती सीट अशी काही हिसक्याने फिरली की नागोराव थेट जहांगीरच्या टूलबॉक्सवर आले. कोपर सोलपटलं, चष्मा गेला. "थोडा जास्ती पावर आया," जहांगीर म्हणाला. त्यानंतर जुगाड हा शब्द घरात कुणी काढला नाही. मोटरीशिवाय सीट हाताने फिरवावी म्हटलं, तर आतले दात एकमेकांत अडकून बसायचे. दोघांनी रेटली तरी ढिम्म हलायची नाही.

अशात एक दिवस दीक्षा कॉलेजातून ओरडतच आली. दीक्षा म्हणजे धम्मानंदची मुलगी, जामबागेच्या कॉलेजात शिकणारी. "पप्पा, आपली कार! सेम टू सेम! काचीगुडाला एका गल्लीत ताडपत्री टाकून ठेवलीय. मी फोटो काढला, हे बघा." फोटोत निळी ताडपत्री होती आणि तिच्याखालून तोमिहाराचं बोधचिन्ह डोकावत होतं. धम्मानंदने फोटो मोठा करून बघितला. दाराच्या कडेला ती खास चंदेरी पट्टी होती. फिरत्या सीटचं मॉडेल! त्याला पोरीची पाठ थोपटावी की नाचावं, हे कळेना. संध्याकाळीच तो काचीगुड्याला गेला.

खाली बियाणांचं बंद दुकान, वर घर. गाडीचे मालक केशवराव घरात एकटेच होते. बायको वारलेली, मुलगा प्रशांत बंगळुरात. सत्तरीचा, ताठ बसणारा माणूस. धम्मानंद मराठीत बोलला तसे ते खुलले. "या की, बसा की. गल्लीत मराठी बोलणारं आता कुणी राहिलं नाही. कुठले म्हणायचे तुम्ही?"

"मलकपेठचे."

"ते झालं. मूळ?"

"कंधारकडचे."

"अरे वा! आम्ही लोह्याचे. शेजारीच झालो. आडनाव?"

"गजभारे."

"असं," केशवराव म्हणाले.

ते "असं" धम्मानंदच्या कानात रुतून बसलं. कदाचित त्यात काही नव्हतंही. चहा आला तेव्हा त्याने कप बघितला, आणि कप बघितला म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली. दोघांचे कप सारखेच होते. चहा घेऊन त्याने आईची हकीकत सांगितली. केशवराव मान हलवत ऐकत होते, झटक्याचं ऐकताना तर त्यांनी कप खाली ठेवला. मग धम्मानंदने विचारलं, तुमच्या गाडीच्या सीटची मोटर चालू आहे का?

"चालू म्हणजे? कोरी आहे. एकदाही कुणी बसलं नाही तिच्यावर."

"मग ती आम्हाला द्याल का? तुम्ही म्हणाल त्या अटीवर."

"नाही," केशवराव म्हणाले.

"तुम्ही गाडी चालवता?"

"नाही."

"विकणार आहात?"

"नाही. ती गाडी माझ्या बायकोची आहे. तिच्यातलं काही निघायचं नाही." आणि ते उठून उभे राहिले, म्हणजे आता तुम्हीही उठा.

घरी आल्यावर धम्मानंदचा पारा चढला तो उतरेचना. शहरात एकच गाडी, एकच मोटर, आणि ती ताडपत्रीखाली कुजत ठेवायची! निशिगंधा, त्याची बायको, म्हणाली, "जाऊ द्या. आपण आत्यांना घरातच कार्यक्रम करून देऊ." सरुबाईने भिंतीकडून तोंडही फिरवलं नाही. "कशापायी जिवाचा आटापिटा करतूस," एवढंच म्हणाली. नागोराव मात्र खवळले. "मीच येतो उद्या. दोन तोमिहारावाले समोरासमोर बसले की बोलणं होतं."

बोलणं झालं खरं. दुसऱ्या दिवशी नागोरावांनी बैठक मारली आणि थेट रेशमाच्या यंत्रांपासून सुरुवात केली. केशवरावांचे डोळे चमकले. तेही माहितीपुस्तक कोळून प्यायलेले निघाले! पंपांचं वर्ष एकाने सांगितलं, कारखाना जळाल्याचं दुसऱ्याने. दोन म्हातारे त्या परक्या घराण्याची अशी आठवण काढत होते की धम्मानंदला वाटलं, जमलं काम. तेवढ्यात नागोराव सीटवर आले. "आणि मग त्याची आई पडली..."

"आई नाही. बायको," केशवराव म्हणाले.

"आई. स्पष्ट छापलंय."

"बायकोच. तिच्यासाठीच केली त्याने ती सीट."

"अहो, मी वाचलंय!"

"मीही वाचलंय. मला काय अडाणी समजायलाव?"

धम्मानंद दोघांना आवरत होता, पण आता कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. कंपनी गेली, शोरूम गेलं, सीट मेली, आणि हे दोघे जपानातल्या कुठल्या बाईचा पाय घसरला यावरून हातघाईवर आले होते. कपाळावर हात मारून घ्यावा असं त्याला वाटलं. शेवटी नागोराव उठले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की धम्मानंदला लहानपणापासून भीती वाटायची.

"सोडा ते. मोटर तुम्ही देणार नाही, हे मला ठाऊक होतं. गावाकडं तुमच्या विहिरीचं पाणी आम्हाला मिळालं नाही. इथं मोटर कुठली मिळायला!"

केशवरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.  नागोराव जिना उतरून गेलेसुद्धा. वाटेत धम्मानंद म्हणाला, "बाबा, असं बोलायचं नव्हतं." त्यावर नागोराव म्हणाले, "खोटं बोललो का?" ते "असं" धम्मानंदच्याही कानात होतंच.

नंतर बरेच दिवस काही झालं नाही. ऊन वाढलं. विहारात पौर्णिमेची तयारी सुरू झाली, खिरीसाठी भांडी गोळा होऊ लागली. भामाबाई नावाची सरुबाईची मैत्रीण येऊन विचारून गेली, "यंदा सूर कुणी धरायचा मग?" सरुबाई म्हणाली, "धरा की कुणीबी." धम्मानंद त्या वेळी दारातच होता. त्याला कुणाच्या तरी कानाखाली काढावीशी वाटली, पण कुणाच्या ते कळेना.

पौर्णिमेला थोडेच दिवस उरले असताना केशवरावांचा फोन आला. आवाज चिरका. "मेकॅनिक घेऊन या. मोटर घेऊन जा. तुमचे वडील बोलले ते माझ्या जिव्हारी लागलंय. तसं नव्हतं हो."

धम्मानंद जहांगीरला घेऊन धावतच गेला. वाटेत त्याने घरी फोन करून निशिगंधाला सांगितलं, आईचं पांढरं लुगडं काढून ठेव. जहांगीरने ताडपत्री ओढली. गाडी लख्ख होती. काचा पुसलेल्या, बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं, आरशाला सुकलेली झेंडूची माळ. केशवराव हातात किल्ली घेऊन बाजूला उभे होते. जहांगीरने बॅटरी जोडली, दार उघडलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. "होईल, होईल," केशवराव म्हणाले. "जरा थांबून होईल. कोरी मोटर आहे." जहांगीर आडवा होऊन खाली शिरला, पाना फिरवला आणि मोटरीचं झाकण हातात घेऊन बाहेर आला. झाकणाबरोबर काळपट, चिकट लगदा आला आणि त्यातून लाल मुंग्या सैरावैरा पळाल्या. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. हाताने चुरली तशी तुटली.

"ये क्या है साब? अंदर पानी कहां से गया? चिकना है पूरा." जहांगीरने बोट हुंगलं. "नारियल का पानी है ये."

केशवराव बघतच राहिले. मग ते गाडीच्या उंबऱ्याशी, म्हणजे दार उघडल्यावर पाय ठेवायची जी पट्टी असते तिच्याशी, खाली बसले आणि तिच्यावर हात ठेवला. दर अमावास्येला ते गाडीवरून नारळ उतरवायचे आणि तिथेच फोडायचे. दुकान होतं तेव्हापासूनची रीत. दुकान बंद झालं तरी बायकोच्या, मालनबाईच्या गाडीला नजर लागू नये म्हणून त्यांनी ती सोडली नव्हती. एकाही अमावास्येला खंड नाही. नारळाचं पाणी पट्टीवरून आत जायचं, सीटखाली साचायचं, आणि वर लगेच ताडपत्री.

धम्मानंदच्या डोक्यात रक्त चढलं. इतके महिने! त्या माणसाने जी वस्तू जिवापाड जपली, ती स्वतःच्या हाताने नासवली होती, आणि वर आपल्याला नाही म्हणत होता! "अहो, चालवायची नव्हती, द्यायची नव्हती, मग पूजा तरी कशाला करत होता?" तो ओरडला. "माझी आई घरात सडतेय तिकडे!"

केशवराव वर बघून म्हणाले, "माझीपण अशीच गेली हो."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मालनबाईचे गुडघे, कंबर, सगळंच गेलं होतं. तिच्यासाठीच ही गाडी. आणि त्यांची सीटही अशीच एक दिवस बंद पडली. कंपनी तेव्हा निघायच्या बेतात होती, पण सामान येईल असा शब्द तिने दिला होता. मालनबाईला जामबागेला बहिणीकडे जायचं होतं. बहीण आजारी होती. केशवराव म्हणायचे, रिक्षा बोलावतो, दोघं धरून बसवू. ती म्हणायची, कशाला, सामान येतंच आहे की. लोकांसमोर उचलाउचल नको. केशवरावांनाही ते पटायचं. आठवडे गेले, महिने गेले. बहीण वारली. मग मालनबाईने जायचं नावच काढलं नाही, आणि त्या पावसाळ्यात तीही गेली. तेराव्याची भांडी आवरली जात होती तेव्हा कुरिअरवाला जपानहून आलेलं खोकं घेऊन दारात उभा होता.

"फिटर बोलावून बसवली," केशवराव म्हणाले. "बटण दाबलं. सीट बाहेर आली. रिकामी. मग आत गेली. तुम्हाला देतो असं कसं म्हणणार होतो मी?"

धम्मानंदचा राग कुठे गेला, त्याला कळलं नाही.  जहांगीरने झाकण पुन्हा बसवलं, जणू त्याला अजून काही अर्थ होता. निघताना केशवराव म्हणाले, "तुमच्या वडिलांना सांगा." काय सांगायचं, ते मात्र ते बोलले नाहीत.

घरी पांढरं लुगडं घडी मोडून खाटेवर ठेवलं होतं. धम्मानंद रिकाम्या हाताने आला हे बघून निशिगंधा आत गेली. नागोरावांनी हकीकत ऐकली आणि पहिल्यांदाच तोमिहाराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. मग म्हणाले, "माफी मागायला पाहिजे मला."

भिंतीकडून सरुबाईचा आवाज आला. "कुठं जायचं हुतं म्हनलास त्या बाईला?"

"जामबागेला. बहिणीकडे."

"काचीगुड्याहून?"

"हो."

"जामबाग म्हंजी हितं हितं की."

"हो, आई."

 सरुबाईने डाव्या हाताने खाटेची कड धरली आणि अंग वळवलं. किती दिवसांनी तिने तोंड या बाजूला केलं होतं. "आन आपला विहार?" ती म्हणाली.

विहार दोन गल्ल्यांवर होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पौर्णिमेच्या सकाळी निशिगंधाने तिला पांढरं लुगडं नेसवलं, दोन ठिकाणी पिना लावल्या. वॉकर धरून सरुबाई दारापर्यंत आली. गाडी दार उघडून उभी होती, सीट आत, जशीच्या तशी अडकलेली. सरुबाईने तिच्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"उचल," ती म्हणाली.

धम्मानंद थबकला. "आई, नको असेल तर..."

"उचल म्हनते ना. तू हायस. वार्डबॉय न्हाईस."

त्याने एक हात तिच्या पाठीमागे घातला, दुसरा गुडघ्यांखाली, पाय रोवले आणि दात आवळून जोर लावला. जोर फार झाला. आई एकदम छातीच्याही वर आली आणि तो मागे झोकांडला. नागोराव ओरडले. धम्मानंद तसाच उभा राहिला. त्याच्या हातांत जवळजवळ काहीच नव्हतं. या महिन्यांत ती भिंतीकडे तोंड करून इतकी झिजली होती, आणि तो जपानला पत्रं लिहीत होता, फोनवर बासरी ऐकत होता, काचीगुड्याला भांडत होता. तिला हात म्हणून त्याने एकदाही लावला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याने वाकून तिला सीटवर ठेवलं. तिने आपणहून मान खाली घेतली. काही लागलं नाही, काही अडलं नाही.

सरुबाईने समोरच्या काचेतून गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "इतकंच हुतं व्हय रं?" ती म्हणाली.